पायाच्या मापाची शिडी

मुलीसाठी उंच पलंग करायचे ठरले, तेव्हा पलंगाचे काम सुतार मेस्तांकडे आणि शिडीचे माझ्याकडे अशी वाटणी मीच करून घेतली. आमच्या गोव्यातल्या, फोंड्याच्या फ्लॅटमध्ये जागा बेताची आहे. पलंग वर गेला की खाली अभ्यासाचे टेबल मावते. शिवाय ती आता सात वर्षांची झाली आहे, आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर झोपवू नये हा नियम तिला आमच्यापेक्षा चांगला पाठ असल्यामुळे पुढे ढकलण्यालाही वाव राहिला नव्हता.

दुपारी मेस्त डोकावले. माझ्या हातातला टेप पाहून म्हणाले, "पांयाचें माप घेयात, हाताचें न्हय." मग त्यांनी मुलीला भिंतीशी उभे करून पाऊल उचलायला लावले आणि ते जिथे सहज थांबले तिथे पेन्सिलीची खूण केली. दहा इंच! पाच फुटांवरच्या पलंगाला पाच पायऱ्या बरोबर बसल्या. पायरीची फळी पाऊण इंच जाडीची, म्हणजे मधली फट सव्वानऊ इंचांची राहते. साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यानच्या फटीत मुलाचे डोके अडकू शकते, म्हणून हा पाव इंच मी कोणाला कमी करू दिला नाही.

माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेरांना पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला खरे तर हे कोणी सांगायला नको होते. माडाच्या खोडाला पाडलेल्या खाचांवरून ते झपाझप वर जात, आणि ते खाली उतरल्यावर त्याच खाचांत पाय घालून पाहणाऱ्या आम्हा मुलांची ढांग दुसऱ्या खाचेपर्यंतही पोचत नसे.

आजोळी, डिचोलीला, अख्ख्या वाड्यात मिळून एकच लांब शिडी होती. ती आजोबांच्या पडवीत खुंट्यांवर आडवी टांगलेली असे, पण चवथीच्या आदल्या दिवशी तिला पाठ टेकायला सवड मिळत नसे, कारण प्रत्येक घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची लाकडी चौकट, या शिडीवर चढूनच बांधली जाई. मामा वर उभे राहून सुपारीची शिपटी, नारळांचा घड, तोरिंग, कांगलां, चिबूड असे एकेक बांधत जात आणि आम्ही खालून शिडीचे पाय धरून ते ते वर देत असू. चिबूड वर जाताना त्याचा पिकलेला वास नाकाशी येई आणि हात वर असल्यामुळे घामाचा ओघळ थेट कोपरापर्यंत उतरे. तिसऱ्या पायरीच्या वर जाण्याची परवानगी मात्र आम्हा मुलांपैकी कोणालाच नव्हती. एका घरचे आटोपले की दोघे जण शिडी खांद्यावर घेऊन पुढच्या अंगणात जात. ती मुळात कोणी करून घेतली होती, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

त्यामुळेच असेल, पण पलंगाला स्क्रू मारून पक्की केलेली शिडी मला शिडी वाटत नाही. तो जिना झाला. शिडी उचलता आली पाहिजे. लाकूड मी फणसाचे घेतले आहे, रंधा मारताना पिवळेधमक निघणारे. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना तिरक्या खाचा पाडून त्यांत पायऱ्या बसवायच्या आहेत, म्हणजे शिडीचा पाय सव्वा फूट बाहेर ठेवला तरी पायरी सपाट राहते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते; आपल्या ऑगस्टात पायरी खाचेत करकचून बसेल आणि जानेवारीत थोडी सैल होईल, म्हणून फेविकॉलच्या जोडीला प्रत्येक पायरीला बाजूने स्क्रूही आहेतच.

वरच्या टोकाला मात्र आकडे. पलंगाच्या दांड्यात घट्ट अडकतील, पण मनात आले की काढता येतील असे. पाच फुटांची शिडी मागायला शेजारचे कोण येणार आहे, असे बायको विचारते. माटोळीला तर ती मुळीच पुरणार नाही, हेही खरे. तरी आकडे ठरले आहेत. प्रश्न फक्त लोखंडी की पितळी एवढाच उरला आहे, आणि इथल्या दमट हवेत लोखंड गंजते, तेव्हा पितळीच घ्यावेत.