तुम्ही विचारलंत म्हणून : पोट नेमके कशाने दुखते, हे कळले कसे?

लग्नाच्या पंगतीत मी भाजीचा रस्सा नको म्हटले, की शेजारच्या बाईंचा पहिला प्रश्न असतो, "पथ्य आहे का?" कांदा-लसूण चालत नाही असे सांगितले, की दुसरा, "माळकरी आहात का?" तिसरा प्रश्न जरा उशिराने, मठ्ठा वाढून झाल्यावर, आवाज खाली आणून विचारला जातो : "पण कांद्यानेच दुखतं हे तुम्हाला कळलं कसं हो? माझंही पोट दुखतं, पण कशानं ते काही समजत नाही." या तिसऱ्या प्रश्नाला पंगतीत बसून पुरे उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही, कारण ते कळायला मला साडेतीन वर्षे लागली आणि त्यातली निदान दोन मी भलत्याच पदार्थामागे घालवली.

माझे माहेर निफाड तालुक्यातले, लासलगावच्या बाजाराला कांदा घालणारे. सासर नाशिकचे. जिच्या लग्नाचा खर्च कांद्याच्या पट्टीवर झाला, तिने कांद्यावर संशय घ्यावा कसा? म्हणून आधी संशय आला तो चहावर. मी हिशेब खात्यात नोकरी करते. दुपारी साडेचारला चहा येई आणि पंधरा-वीस मिनिटांत बेंबीखाली, डाव्या अंगाला, पीळ पडल्यासारखे दुखू लागे. पोट असे फुगे की साडीच्या निऱ्या सैल कराव्या लागत. चहा प्यायला आणि दुखले, एवढे रोज दिसत असताना आणखी पुरावा कशाला हवा, असे मला वाटले. दूध बाधते असा निकाल देऊन मी दुधाचा चहा सोडला, तो वर्षभर.

आता हसू येते, पण त्या वर्षात पोट दुखायचे थांबले नव्हते. काळा चहा पिऊन दुखले, की दोष सोबतच्या बिस्किटाला. नाही दुखले, की श्रेय दूध सोडल्याला. एकदा आरोपी ठरला की मन प्रत्येक दिवसाची साक्ष त्याच्याविरुद्ध वळवून घेते, हे मी स्वतःवरून सांगते. साधा हिशेब केला असता तरी पुरे होते : दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे पाच ग्रॅम दुग्धशर्करा असते, माझ्या चहात दूध जेमतेम पन्नास मिलिलिटर, म्हणजे शर्करा अडीच ग्रॅम, आणि दूध न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधातली शर्करा, फारसा त्रास न होता सोसते. ज्यांना दूध खरोखरच बाधते, त्यांनी दह्याकडे लक्ष द्यावे. विरजणातले जिवाणू बरीच शर्करा खाऊन टाकतात, म्हणून दूध बाधणाऱ्या कित्येकांना दही चालते. मला दोन्ही चालत होते आणि मी दोन्ही सोडून बसले होते.

मग वेळ जुळत होती, ती का? हे मला नंतर एका पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी समजावले. पोटात काहीही गेले, विशेषतः गरम काही गेले, की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. आतडे आधीच वायूने फुगलेले असेल, तर त्या हालचालीने कळ उठते. वायू तयार करणारा पदार्थ मात्र चार-पाच तासांपूर्वीच पोटात गेलेला असतो. साडेचारातून चार वजा केले, की उरतात साडेबारा. साडेबाराला मी डबा खात असे : पोळ्या, आणि कांद्या-खोबऱ्याच्या वाटणाची भाजी.

त्या बाईंपर्यंत पोहोचण्याआधी मी आणखी दोन चुका केल्या, त्याही सांगून टाकते. एका तपासणी केंद्राची 'अन्न न सोसण्याची' महागडी रक्तचाचणी केली. तिच्या अहवालात चाळीसहून अधिक पदार्थ लाल रंगात होते, त्यांत मूग, दही, तांदूळ, म्हणजे मी रोज खात होते ते सगळे. अन्नाविरुद्धची जी प्रतिपिंडे या चाचणीत मोजतात, ती तो पदार्थ आपण खात असल्याची खूण असते, तो बाधत असल्याची नव्हे, आणि ॲलर्जीच्या युरोपीय तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच ही चाचणी निदानासाठी वापरू नये असे सांगितले आहे. दुसरी चूक गव्हाची. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी दोन महिने पोळी सोडली आणि थोडे बरेही वाटले. पण त्यामुळे गव्हातील ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा सीलिॲक हा आजार आहे की नाही हे रक्तातून तपासता येईना, कारण गहू बंद असला की ती चाचणी आजार असूनही निर्दोष येऊ शकते. मग सहा आठवडे पोळ्या खाऊन ती करावी लागली. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, की गहू सोडण्याआधी ती चाचणी करून घ्या. आणि वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप असेल, दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, रक्त कमी भरत असेल किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखू लागले असेल, तर पदार्थ शोधत बसू नका. ते काम डॉक्टरांचे आहे. माझ्या बाबतीत सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता वही घाला."

वही घालणे हे माझ्या हातातले काम. उभ्या रेघा मारून रकाने पाडले : किती वाजता, काय, किती, दुखले केव्हा, किती वेळ, शौच, झोप, पाळी, गोळ्या. 'किती' हा रकाना मी आधी नीट भरत नसे. 'भाजी' असे लिहून मोकळी होई. बाईंनी वही पाहून विचारले, "भाजीत काय काय?" तेव्हापासून वाटणातला कांदा, लसणाच्या पाकळ्या, तेलाचे चमचे, सगळे उतरू लागले. तीन आठवड्यांनी पाने उलटताना दिसले, की रविवारची मिसळ ही आठवड्यातली सर्वांत महागडी नोंद आहे : तर्रीत कांदा-लसूण, वर कच्चा कांदा, खाली मटकी, सोबत पाव. सगळे एकाच ताटलीत. त्यातला नेमका कोण, हे मात्र वही सांगू शकत नव्हती.

खरी खूण घरातच होती, आणि ती वीस वर्षे होती. आमच्या सासूबाई चातुर्मास कडक पाळत; आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी-थालीपिठे होऊन कांदा, लसूण आणि वांगे जे घराबाहेर जाई, ते कार्तिकी एकादशी होईपर्यंत. त्या गेल्या आणि दुसऱ्याच वर्षी आमचा चातुर्मास सुटला. माझे दुखणे सुरू झाले ते त्याच पावसाळ्यात, असे मी समजत होते. पण मागचे आठवू लागले तसे लक्षात आले, की थोडेफार पोट आधीही बिघडत असे, फक्त पावसाळ्यात नसे. पावसाळ्यात अग्नी मंद होतो असे जुनी माणसे म्हणतात, आणि माझे पोट नेमके तेव्हा बरे राहायचे. मी ते सासूबाईंच्या पुण्याईकडे लावून दिले होते.

तरीही चातुर्मास हा पुरावा नव्हे. त्या चार महिन्यांत कांद्याबरोबर वांगे जाते, मिसळ जाते, बाहेरचे खाणे जाते. चार आरोपी एकाच वेळी गावाबाहेर गेले आणि चोऱ्या थांबल्या, तर चोर कोणता? म्हणूनच काढून टाकणे हे निम्मे काम असते आणि एकेक परत आणून पाहणे हे उरलेले. माझ्या ओळखीत पोटासाठी पदार्थ सोडणारे पुष्कळ आहेत, पण ठरवून परत खाऊन पाहणारे मला अजून दोघेच भेटले आहेत. ही रीत मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५च्या सुमारास बांधली : आतड्यात आंबून वायू करणाऱ्या शर्करा काही आठवडे कमी करायच्या, पोट शांत झाले की एकेक गट तीन-तीन दिवस वाढत्या प्रमाणात खाऊन पाहायचा, आणि मधे पोट पुन्हा शांत होईपर्यंत थांबायचे.

मी चार आठवडे कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा-छोले बंद ठेवले. भात, ज्वारीची भाकरी, मुगाचे पातळ वरण, दुधी, भेंडी. मग दुधाची पाळी आली, आणि माझा स्वतःवर विश्वास नसल्यामुळे ती परीक्षा यजमानांनी घेतली. एका दिवशी साध्या दुधाचा, एका दिवशी दुग्धशर्करा आधीच फोडलेल्या (लॅक्टोज-फ्री) दुधाचा चहा, कोणता कधी ते चिठ्ठी काढून ठरवायचे आणि चिठ्ठी पोह्यांच्या डब्यात टाकायची. पहिल्याच दिवशी मी ओळखले, कारण शर्करा फोडलेले दूध चवीला गोड लागते; मग त्या चहात ते साखर कमी घालू लागले. आठ दिवसांनी डबा उघडून चिठ्ठ्या वहीशी ताडल्या. दुधाने काहीही झाले नव्हते. वर्षभराचा चहा फुकट गेला होता.

गव्हाच्या दोन पोळ्या निभावल्या, चारांनी पोट जड झाले. लसणाने, अर्धा चमचा पेस्टने, पहिल्याच संध्याकाळी कळ आली. कांद्याला मी तीन दिवस दिले : पहिल्या दिवशी पाव, काहीच नाही, दुसऱ्या दिवशी अर्धा, थोडा फुगारा, तिसऱ्या दिवशी एक अख्खा, परतून, आमटीत, आणि साडेचारला तोच ओळखीचा पीळ, चहा न पिता. त्या तिघांत एक नाते आहे : कांदा, लसूण आणि गहू या तिन्हींत फ्रुक्टन नावाची शर्करेची साखळी असते. ती तोडणारे पाचकद्रव्य कोणाच्याच आतड्यात नसते. ती सर्वांच्याच मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, फरक एवढाच की काहींचे आतडे त्या ताणाने दुखते. २०१८ साली नॉर्वेतील संशोधकांनी, आपल्याला ग्लुटेन बाधते असे मानणाऱ्या पण सीलिॲक नसलेल्या ५९ जणांना ग्लुटेनच्या, फ्रुक्टनच्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या न सांगता खायला दिल्या, तेव्हा जास्त त्रास फ्रुक्टनच्या वड्यांनी झाला. पोळी सोडून मला थोडे बरे का वाटले होते, ते तिथे उलगडले.

फ्रुक्टन पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. त्यामुळे रश्श्यातला कांदा ताटाच्या कडेला काढून ठेवण्यात अर्थ नाही, तो केव्हाच रश्श्यात गेलेला असतो. पण तापलेल्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तांबूस करून काढून टाकल्या, की वास राहतो आणि त्रास जातो. पातीच्या कांद्याची हिरवी पात मला चालते, खालचा पांढरा भाग नाही. बाकी हिंग आहेच, फक्त ज्यांना सीलिॲक आहे त्यांनी बांधणी हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ लिहिलेले आहे का ते पाहावे. आणि मी काही सगळा कांदा सोडलेला नाही. पोह्यांत पाव कांदा घालते, फक्त त्या दिवशी दुपारी पोळ्या दोनच.

माझ्या भावाला हे सारे अजून पटलेले नाही. एप्रिलअखेर उन्हाळ कांद्याची गोणी त्याच्याकडून न चुकता येते. गेल्या वर्षी तो म्हणाला, "ताई, तू बाजारातला खाल्ला असशील. आपल्या कांदाचाळीतला खाऊन बघ." त्याचे मन मोडू नये म्हणून त्याच्या कांद्यालाही मी तीन दिवस दिले. वहीत नोंद आहे : पाव, ठीक, अर्धा, फुगारा, अख्खा, चार वाजून चाळीस मिनिटे.