अर्जुनच्या पोटात

मी टी-७२ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्यावरही काम केलं आणि अर्जुन या आपल्या भारतीय रणगाड्यावरही. अर्जुनचा विषय निघाला की 'जड आहे, उशिरा आला' एवढंच लोक बोलतात. उशीर झाला हे खरंच. प्रकल्पाला मंजुरी १९७४ सालची आणि १२४ रणगाड्यांची पहिली ऑर्डर २००० साली.

पण आत बसून बघा. टी-७२ मध्ये तिघंच जण, गोळा यंत्र भरतं. दारूगोळा बुरुजाखाली, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाखाली, माणसांच्या पायाशी. चिलखत फुटून तो पेटला तर वाचणं फार कठीण. अर्जुनमध्ये चौथा माणूस असतो, लोडर. १२० मिमीच्या तोफेत गोळा तो हातानं भरतो. बुरूज ऐसपैस म्हणून हे जमतं. शिवाय ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पोलादी पट्टा, निसटला की चौथ्या माणसाची किंमत कळते. पहारीनं ट्रॅक ओढताना तिघांचा जीव मेटाकुटीला येतो.

मला मात्र सगळ्यात आवडलं ते सस्पेन्शन. टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन धक्का झेलणाऱ्या पोलादी दांड्या, त्यांच्याऐवजी वायू आणि तेलावर चालणारं. वाळूच्या टेकाडावरून गाडी उतरते तेव्हा टी-७२ मध्ये दात आपटतात, इथे पोटातलं पाणी हलत नाही. गनरचा डोळा तोफेच्या साइटला, म्हणजे दुर्बिणीला, चिकटून राहतो, आणि धावत्या गाडीतून नेम धरायचा तर तेच हवं.

वजनाची तक्रार मला मान्य आहे. मार्क-१ए ही अर्जुनची सुधारित आवृत्ती तर ६८ टनांची. पूल, रेल्वेचे वॅगन, सगळ्याचा आधी विचार करावा लागतो. इंजिनही जर्मन, १४०० अश्वशक्तीचं. ते आपलं झालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.