हुक कशाला अडकवणार?

हर्णै असो की मिरकरवाडा, बंदरावरच्या बर्फ फॅक्टरीत नवा कंडेन्सर छपरावर चढवायचा म्हटलं की फिटरला पडण्यापासून वाचवणारा सेफ्टी बेल्ट मिळतो. त्याचा हुक कशाला अडकवायचा, हे मात्र वर चढल्यावर ठरतं. ते आदल्या दिवशी, खाली उभं राहून ठरलं पाहिजे.

खाऱ्या हवेत पत्र्याखालचे अँगल रंगाच्या आतून कुजतात. हातोडीने वाजवा; आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर त्याला माणूस बांधू नका. चिऱ्याच्या भिंतीतला अँकर बोल्ट त्याहून फसवा. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र; झटका बसला की भुगा होऊन बोल्ट बाहेर येतो. आणि अमोनियाच्या पाइपला हुक कधीच नाही! माणूस पडेल तो पडेल, वर गळतीही सुरू होईल. आरसीसी कॉलमला वायररोपचा स्लिंग गुंडाळा, कोपऱ्यांवर गोणपाट घाला आणि हुक त्यात अडकवा.

आता उंचीचा हिशेब. बेल्टची दोरी 2 मीटर, तिच्यावरचा शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे झटका शोषणारी घडीची पट्टी, उलगडला की आणखी 1.75, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत 1.5, शिवाय पायाखाली 1 मीटर मोकळी जागा. हुकाच्या खाली हवेत झाले 6.25 मीटर. हुक पायाशी अडकवला आणि शेड 5 मीटरचं असेल, तर शॉक अॅब्सॉर्बर पुरता उलगडायच्या आधीच माणूस जमिनीवर आपटू शकतो. म्हणून हुक डोक्याच्या वर हवा, नाहीतर दोरी आपोआप गुंडाळून घेणारा आणि झटका बसताच ती अडवणारा ब्लॉक वापरा.

माणसं कडेवरून पडतात तशी पत्र्यातूनही पडतात. शेवाळ धरलेला प्लास्टिकचा उजेडाचा पत्रा सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो. सिमेंटचा पत्राही वजन घेत नाही. निदान तीन अँगलांवर टेकणाऱ्या फळ्या बांधा, खाली जाळी लावा.

जुनं मशीन काढल्यावर उरलेलं भोक सुट्या प्लायने झाकणं सगळ्यात वाईट. हेल्पर प्लाय दोन हातांनी उचलतो, पुढचं दिसत नाही, एक पाऊल टाकतो आणि थेट त्या भोकात जातो. प्लाय बोल्टने आवळा, वर लाल रंगात ‘खाली भोक’ लिहा.

बेल्टवर लोंबकळणाऱ्याच्या मांड्यांत पट्टे रुततात, रक्त पायात साचतं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. 108 येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. शिडी, दोर आणि उतरवायला शिकलेली दोन माणसं काम सुरू होण्याआधीच खाली हजर हवीत.