शंकूतली घरं

आज दिवसभर डोळ्यांसमोर फ्लोरिडाचा नकाशा. वादळांचा अंदाज देणाऱ्या अमेरिकी नॅशनल हरिकेन सेंटरचं बुलेटिन दर 6 तासांनी येतं. ते आलं की वादळाचा नवा शंकू, म्हणजे त्याच्या संभाव्य वाटेचा पुढे रुंदावत जाणारा आकार, आमच्या विमा पॉलिसींच्या ठिपक्यांवर टाकायचा आणि आत सापडलेल्या घरांची विमा-रक्कम मोजायची. सॉफ्टवेअर हे चुटकीसरशी करतं. घोळ असतो पत्त्यांचा! काही पॉलिसींना नुसता झिपकोड, म्हणजे तिकडचा पिनकोड. मग ठिपका पडतो त्या भागाच्या मधोमध आणि समुद्रालगतचं घर नकाशावर कोरडं ठणठणीत. अर्धा दिवस त्यातच गेला. शिवाय शंकू म्हणजे नुकसानीचा पट्टा नव्हे, फक्त वादळाच्या केंद्राच्या वाटेचा अंदाज, हे साहेबांना परत एकदा समजावलं. 2022 मध्ये इयन वादळाचा रोख आधी टँपाकडे वाटत होता, धडकलं फोर्ट मायर्सजवळ. आता रात्री 11चं बुलेटिन, आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून.