पॅरिसमधली हिरव्या क्रॉसची दुकानं आणि पन्नाशीनंतरची स्किन

आयफेल टॉवर आणि सीन नदीतली बोट यावर सगळ्यांनी लिहून झालंय, त्यामुळे ते सोडून देते, हा वृत्तांत फक्त क्रीमखरेदीचा आहे. पॅरिसला जाणार म्हटल्यावर जाऊबाई, नणंदबाई, सोसायटीतल्या काकू, सगळ्यांच्या लिस्टा व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या, आणि सगळ्या पन्नाशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या, म्हणजे तक्रारी त्याच, स्किन कोरडी पडलीये, गालावर वांग आलेत आणि हनुवटीखाली सगळं सैल पडलंय.

ग्रुप टूरवाले खरेदीसाठी मोठ्या मॉलमध्ये नाहीतर परफ्यूमच्या म्युझियममध्ये नेतात. म्युझियम बघायला छान असतं, बाथरूमही स्वच्छ असतं, पण क्रीमचं बजेट तिथे संपवू नका. तिथल्या बायका रोजच्या वापराचं घेतात ते फार्मसीतून, बाहेर हिरवा क्रॉस लुकलुकत असतो, दर दोन गल्ल्यांआड एक सापडतेच. आपल्याकडच्या मेडिकलसारखं सगळं काउंटरच्या पलीकडे नसतं, क्रीम, लोशन, सनस्क्रीन रॅकवरच असतं, हातात घेऊन निवांत बघा. फक्त आत शिरताना आधी बोंज्यूर म्हणायचं, मगच काय ते विचारायचं, एवढ्याने माणसं लगेच मऊ होतात हे मी स्वतः बघितलंय.

सगळ्यात गाजलेली म्हणजे सिटीफार्मा, रू द्यु फूरवर २६ नंबरला, सां जर्मां दे प्रे मेट्रोपासून (लाइन ४) पायी जवळ. भाव खरंच कमी असतात पण दुपारनंतर आत गेलात तर दिवाळीच्या आधीचा रानडे रोड, बास्केट घेऊन वळायलाही जागा नाही. सकाळी उघडतानाच जा. आणि अगदी तिथेच जायला हवं असंही नाही, फार्मसीतल्या क्रीमचे भाव सरकार ठरवत नाही, जो तो दुकानदार आपला भाव लावतो, त्यामुळे हॉटेलच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पण एक चक्कर टाका, कधीकधी दोन ट्यूबच्या जोडीवर तिथेच चांगली सूट लागलेली असते. बऱ्याच फार्मसी रविवारी बंद असतात तेवढं बघून प्लॅन करा.

आता मुद्द्याचं. मी कोपऱ्यावरच्याच एका फार्मसीत पांढऱ्या कोटातल्या बाईंना मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की वय अमुक, पाळी थांबली, स्किन कोरडी. त्यांनी पहिलं विचारलं, राहता कुठे? म्हटलं मुंबईजवळ, दमट हवा, बारा महिने घाम. लगेच हातातला डबा परत रॅकवर ठेवला आणि त्याच क्रीमचा दुसरा प्रकार काढून माझ्या मनगटावर एक रेघ ओढली, चोळली नाही, तशीच ठेवली आणि थांबायला सांगितलं. दोन मिनिटांत रेघ दिसेनाशी झाली. शेजारी पहिल्या डब्यातल्या क्रीमची रेघ ओढली ती तशीच पांढरी चमकत बसलेली. तर बऱ्याच क्रीममध्ये एक हलका प्रकार असतो आणि एक जाड, डब्यावर लेजेर लिहिलेलं असेल तर हलका आणि रीश असेल तर जाड. मुंबई, कोकण, गोवावाल्यांनी डोळे मिटून हलका घ्यावा. जाड तिथल्या थंडीसाठी ठीक, आपल्याकडे फार तर नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात, नाहीतर न्यूजर्सीवाल्या बहिणीला द्या.

पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत स्किनमधलं कोलाजेन (स्किन घट्ट ठेवणारं प्रोटीन) साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं असं डॉक्टर सांगतात, त्यामुळे ही कोरड नुसत्या साध्या मॉइश्चरायझरने भागत नाही असं वाटतं ते काही मनाचे खेळ नाहीत. व्हिशीची निओव्हाडिओल ही रेंज खास याच वयासाठी आहे, पाळी थांबत आलेल्यांसाठी वेगळी आणि थांबलेल्यांसाठी वेगळी, डबा उलटून नीट वाचून घ्या. नुसतं मॉइश्चरायझर हवं असेल तर एम्ब्रिओलिसचं ले क्रेम स्वस्त आणि मस्त, मेकअपखाली पण चालतं. बायोडर्माचं मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी) आणि सेराव्हेचं क्रीम मात्र तिथून वाहून आणू नका, आपल्याकडे मिळतं, उगाच बॅगेचं वजन. निघायच्या आधी इथल्या ऑनलाइन भावांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते त्याचा फार उपयोग झाला.

माझं प्रामाणिक मत म्हणजे आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला सुरकुत्यांआधी वांग आणि डाग छळतात, आणि तिथल्या रॅकवर आधी नजरेत भरतात ते सुरकुत्यांचे डबे. त्यामुळे विचारताना सुरकुत्या म्हणू नका, गालावरचा डाग बोटाने दाखवा, मग ड्युक्रेचं मेलास्क्रीन, ला रोश पोझेचं मेला बी३, बायोडर्माचं पिगमेंटबायो असं वेगळंच कपाट उघडतं. यातलं काहीही घेतलंत तरी सनस्क्रीनशिवाय पैसे पाण्यात. मी सनस्क्रीनवरच जास्त खर्च केला, ला रोश पोझेचं यूव्हीम्यून ४००, पातळ आहे, पांढरा थर राहत नाही. वांगासाठी रंग असलेलं सनस्क्रीन बरं कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं, पण तिथले रंग गोऱ्यांचे, जबड्यावर लावून दुकानाबाहेर उजेडात बघितल्याशिवाय घेऊ नका.

रेटिनॉल (सुरकुत्यांवर लावायचं व्हिटॅमिन ए) लावणाऱ्या मैत्रिणींनो, एक टक्क्याचं शोधत फिरू नका. युरोपियन युनियनने चेहऱ्याच्या क्रीममध्ये ०.३ टक्क्यांची मर्यादा घातलीये, नव्याने बाजारात येणाऱ्या मालाला नोव्हेंबर २०२५ पासून, जुना स्टॉक मे २०२७ पर्यंत विकता येईल. पहिल्यांदाच लावणार असाल तर तेवढंही पुष्कळ, आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, सालं निघायला लागली की थांबायचं. ए-३१३ नावाचं व्हिटॅमिन ए चं मलम फार गाजतंय, कधी मिळतं कधी नाही, चिकट आहे, उशीचा अभ्रा खराब होतो, मी नाही घेतलं.

टॅक्स परत मिळतो त्याला तिकडे देताक्स म्हणतात. एकाच दुकानात १०० युरोच्या वर खरेदी हवी, म्हणून चौघींनी चार दुकानांत थोडं थोडं घेण्यापेक्षा एकीच्या नावावर एकत्र घ्या. पासपोर्ट लागतो आणि फॉर्म काउंटरवरच मागायचा, नंतर जाऊन मिळत नाही. व्हॅट २० टक्के असला तरी हातात साधारण १२ टक्केच येतात. पॅरिसहून थेट परत येत असाल तर एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी पाब्लो नावाच्या मशीनवर फॉर्मचा बारकोड स्कॅन करा, हिरवं आलं की काम झालं. कस्टमवाले माल दाखवा म्हणू शकतात, तेव्हा डबे तोपर्यंत फोडू नका आणि बॅगेत वरच ठेवा. टूर पुढे इटलीला जात असेल तर हे सगळं रोमला होतं, म्हणजे युरोपियन युनियनमधून जिथून शेवटी बाहेर पडाल तिथे. परतीची फ्लाइट झुरिकहून असेल तर सावध, स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, तिथल्या एअरपोर्टवर फॉर्मवरचा कस्टमचा शिक्का मिळत नाही, बसमधून बॉर्डर ओलांडतानाच घ्यावा लागतो आणि ग्रुपची बस तुमच्या एकटीसाठी थांबेल का हे टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच विचारा.

पॅकिंगचं म्हणाल तर क्रीमसुद्धा सिक्युरिटीच्या दृष्टीने लिक्विडच, १०० मिलीच्या वरचं सगळं चेक-इनमध्ये. पंपाच्या बाटलीच्या मानेला सेलोटेप आणि वरून झिपलॉक. आव्हेनचं थर्मल वॉटर (चेहऱ्यावर मारायचं झऱ्याचं पाणी) स्प्रेच्या डब्यात येतं, तो एक डबा जास्तीत जास्त ५०० मिलीचा चालतो आणि असे सगळे मिळून दोन किलोपर्यंत, म्हणजे भेटी द्यायला पाच-सहा आणणार असाल तर आधी बेरीज करा. भेटींसाठी खरं तर न्यूक्सचं मधाचं लिप बाम बरं, छोटं आहे आणि लिस्ट न पाठवलेल्या वन्संनाही देता येतं.