व्हाल्मीची पवनचक्की, व्हारेनचा पूल, दुओमाँचा किल्ला: आर्गॉनमधले दोन दिवस

ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दूनला, पहिल्या महायुद्धातल्या रणांगणावर, जाणारे बहुतेक जण पॅरिसहून सकाळच्या गाडीने येतात, एक किल्ला आणि अस्थिमंदिर बघतात आणि संध्याकाळी परततात. पण पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरच्या आत फ्रेंच राज्यक्रांतीतली, १७९१ आणि १७९२ ची दोन ठिकाणं आहेत. ती आधी पाहिली तर १९१६ चं रणांगण जास्त चांगलं कळतं. आर्गॉनचं जंगल आणि म्यूज नदी ओलांडून कोण कुठून जाणार, हाच पेच तिन्ही वेळी होता.

गाडी रँसहून भाड्याने घ्यावी. या गावांमधल्या बसच्या भरवशावर बेत आखू नका. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच आरक्षित करा, ऐनवेळी गिअरचीच मिळते. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. खेड्यातल्या चौकात वेगळी खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि आपली माणसं नेमकी इथेच गोंधळतात.

पहिला थांबा व्हाल्मी. सध्याची पवनचक्की नवी आहे. आधीची १९९९ च्या वादळात पडली, आणि मूळची तर लढाईतच फ्रेंच सेनापती केलरमानच्या हुकमाने जाळली गेली, कारण शत्रूच्या तोफांना नेम धरायला ती सोयीची होती. टेकडीवर उभं राहून पश्चिमेकडे तोंड करा. २० सप्टेंबर १७९२ ला पॅरिसवर चालून आलेलं प्रशियाचं (एका जर्मन राज्याचं) सैन्य त्या बाजूला होतं, म्हणजे पॅरिस त्यांच्या पाठीशी आणि फ्रेंच फौज त्यांच्या परतीच्या वाटेवर! दुसरा फ्रेंच सेनापती द्यूमूरिये याने आर्गॉनच्या खिंडी धरल्या होत्या. शत्रूने उत्तरेची एक खिंड फोडली आणि वळसा घालून तो इथे पोहोचला. दिवसभर तोफा चालल्या, तरी माणसं थोडीच मेली. जमीन पावसाने भिजलेली असल्याने गोळे उसळी न घेता चिखलात रुतत होते, आणि प्रशियन छावणीत हगवणीची साथ होती. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये राजेशाही रद्द झाली. पायथ्याच्या संग्रहालयाला तासभर पुरतो. टेकडीवर वारा बोचरा असतो, मे महिन्यातही जाकीट लागतं.

पुढे सँत-मनूमार्गे क्लेरमाँ आणि तिथून डावीकडे वळून व्हारेन. १७९१ मध्ये पॅरिसहून पळून जाणाऱ्या फ्रान्सच्या राजाची बग्गी याच रस्त्याने गेली. सँत-मनूच्या टपालचौकीचा प्रमुख द्रूए याने सोळाव्या लुईला ओळखलं आणि जंगलातल्या आडवाटेने घोडा पिटाळत तो आधी व्हारेनला पोहोचला. गाव पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं, त्यामुळे जुनी घरं शोधत बसू नका. वरच्या अंगाला घड्याळाच्या मनोऱ्याजवळ गाडी लावा आणि एर नदीच्या पुलापर्यंत पायी उतरा. २१ जून १७९१ च्या रात्री बदलीचे घोडे पुलापलीकडे तयार उभे होते आणि राजाची माणसं ते अलीकडे शोधत होती. तेवढ्यात सामानाची गाडी आडवी घालून पूल अडवला गेला. ही चाल पाच मिनिटांची, पण वाचून न कळणारी गोष्ट ती चालताना कळते.

जवळच व्होक्वाची टेकडी आहे. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी खाली भुयारं खणून सुरुंग उडवले, गावच्या जागी आता खड्ड्यांची रांग आहे. वरून फिरता येतं, भुयारं मात्र ठरावीक दिवशीच वाटाड्यासोबत बघता येतात, दिवस आधी तपासा.

मुक्काम व्हर्दूनला. दुसऱ्या दिवशी आधी स्मारक-संग्रहालय, मग शेजारचं नामशेष झालेलं फ्लरी गाव, मग दुओमाँ. उलट क्रमाने गेलात तर किल्ला म्हणजे नुसतं ओलं, अंधारं तळघर वाटेल. २५ फेब्रुवारी १९१६ ला तो मूठभर जर्मनांनी जवळजवळ न लढता घेतला. १९१४ मध्ये लिएजचे किल्ले जर्मन महातोफांपुढे पडल्यावर फ्रेंच सेनापतींचा किल्ल्यांवरचा विश्वास उडाला आणि त्यांनी इथल्या बऱ्याच तोफा आणि माणसं काढून नेली होती. परत मिळवायला २४ ऑक्टोबर उजाडला. आत भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, छतातून पाणी ठिबकतं. छपरावर चढून तोफेचा फिरता मनोरा जरूर बघा.

अस्थिमंदिरात सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांच्या अस्थी आहेत. इमारतीच्या मागच्या बाजूला जमिनीलगत छोट्या काचा आहेत, त्यांतून त्या दिसतात. मुलं सोबत असतील तर आधी कल्पना द्या. वेळ उरला तर व्हो किल्ला: पाण्याचं टाकं आटल्यामुळे ७ जून १९१६ ला किल्ल्याचा फ्रेंच प्रमुख मेजर रेनालला शरण जावं लागलं. ते टाकं पाहिलं की पुरे. १९४० मध्ये हेच व्हर्दून दिवसाभरात पडलं, आणि १९१६ मध्ये ते राखणारा सेनापती पेताँ दोन दिवसांनी फ्रान्सतर्फे शस्त्रसंधी मागत होता.

जेवणाचं काय? खानावळी दुपारी दोनला चूल बंद करतात, सोमवारी बऱ्याच उघडतच नाहीत. सँत-मनूची ख्याती डुकराच्या पायांची, तेव्हा शाकाहाऱ्यांनी पाव, चीज, फळं आधीच घेऊन ठेवावीत. बुटांना खोल खाचा हव्यात, इथली चिकणमाती सोडत नाही. भारतीय सैनिकांची नावं शोधायची असतील तर ती इथे नाहीत, त्यासाठी उत्तरेला नव्ह-शापेलला जावं लागेल.

आणि पायवाट सोडू नका. जंगलात न फुटलेले तोफगोळे अजून सापडतात, काहींत विषारी वायू आहे. गंजलेला तुकडासुद्धा उचलू नका: मेटल डिटेक्टर वापरायला इथे बंदी आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत असली आठवण बॅगेतून बाहेर निघतेच.