चकव्याचं शूटिंग

सोमवार

आषाढ लागला की आमचा धंदा आडवा होतो. शेवटची हळद आटोपली, अल्बम पोचते झाले, राहिलेल्या पैशांसाठी फोन करून जीभ दुखली. आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत चिपळुणात कॅमेरामनला एकच काम, लेन्सला बुरशी लागू न देणं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि रोज झाकण उघडून बघायचं. त्यामुळे कॉलेजातून विचारणा आली तेव्हा फार आढेवेढे घेतले नाहीत. मास मीडियाची मुलं आहेत, थिअरी झालीय, हातानं काही केलेलं नाही, एक शॉर्टफिल्म करून घ्या म्हणाले.

विषय मुलं ठरवूनच आली होती. हॉरर. कथाही तयार: पडका वाडा, पांढरी साडी, मोकळे केस, विहीर. २०१६ साली आकेरीतल्या वाड्यावर ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताची मालिका आली आणि तेव्हापासून कोकणातलं प्रत्येक जुनं घर लोकांना भुताचंच दिसायला लागलं. मला याचा थोडा रागच आहे. आमच्याकडे त्या घरांत माणसं राहतात, भात कांडतात, भांडतात. पण मुलांसमोर हे भाषण केलं नाही. फक्त विचारलं, तुमच्या घरात कुणाला खरंच काही दिसलंय का?

पांढऱ्या साडीवाली कुणालाच भेटलेली नव्हती. मागच्या बाकावरचा गुहागरकडचा पोरगा मात्र म्हणाला, "आमच्या आजोबांना चकवा लागलेला." बाजार करून रात्री परतताना एकाच जांभळीपाशी पुन्हा पुन्हा येत राहिले. शेवटी तिथेच बसले आणि कोंबडा आरवल्यावर घरी आले. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं म्हणे.

तिथल्या तिथे ठरलं. चकव्याला मेकअप लागत नाही, साडी लागत नाही, खर्च नाही. आणि चकवा म्हणजे दिशा हरवणं. सिनेमात दिशा असते ती कॅमेऱ्याच्या आणि कात्रीच्या हातात.

बुधवार

आज अक्षाचा नियम. फळ्यावर काढून समजेना, म्हणून व्हरांड्यात दोरी टाकली. एक मुलगा दोरीवरून चालणार, कॅमेरे दोन्ही बाजूंना. अलीकडून घेतलं की तो डावीकडून उजवीकडे जातो. पलीकडून घेतलं की तोच मुलगा, तीच चाल, पण पडद्यावर उजवीकडून डावीकडे. दोन्ही शॉट लागोपाठ लावले की बघणाऱ्याला वाटतं हा मागे फिरला. म्हणून नेहमी दोरीच्या एकाच बाजूला राहायचं, आणि ओलांडायचीच झाली तर मधे एक समोरून घेतलेला शॉट टाकायचा.

लग्नात हे अंगवळणी पडलेलं असतं. अंतरपाटाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते एकदा ठरलं की मंगलाष्टकं संपेपर्यंत हलायचं नाही, नाहीतर नवरा-नवरी एकमेकांकडे पाठ करून उभे असल्यासारखे दिसतात.

कॅमेऱ्यावर जिला घेतलंय ती मुलगी बराच वेळ दोरीकडे बघत होती. मग म्हणाली, "दादा, मग चकवा लागेपर्यंत नियम पाळायचा आणि लागल्यावर मोडायचा." मला हे सांगायला अजून तासभर लागणार होता.

शुक्रवार

पहिली चाचणी एका मुलाच्या घरच्या पडवीत. रेकॉर्डिंग लावून बघितलं तर चित्रावरून काळसर पट्टे वर सरकताहेत. पोरं खूश, भूत आलं! भूत नव्हतं, चोकवाली जुनी ट्यूब होती. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन सेकंदाला ३० फ्रेमवर होता आणि शटर आपलं आपण १/६० वर गेलेलं, म्हणजे उजेडाचा ठोका दर वेळी अर्धवट कापला जात होता. २५ फ्रेम आणि शटर १/५० केलं की दोन ठोके बरोबर बसतात आणि पट्टे गायब. सगळ्यांच्या फोनमध्ये हाताने सेटिंग करता येणारं अॅप टाकून दिलं. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल, सगळं लॉक. फोनला स्वतःची अक्कल चालवू दिली तर अंधारात तो आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदना, वाढवत नेतो, आणि मग काळोखाऐवजी नुसती दाणेदार रवाळी दिसते.

पट्ट्यांची ती क्लिप एकाने गुपचूप ठेवून घेतली आहे. ठेवू दे.

रविवार

ठरल्याप्रमाणे पाणंद. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर करवंदीची जाळी, मधे पायवाट. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत जेमतेम चाळीस पावलं, आणि एवढ्यात माणूस रात्रभर हरवायचाय.

रात्रीचं शूटिंग शक्य नव्हतं. मुलींना आठच्या आत घरी पोचवायचं हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. मग तिन्हीसांज धरायची. सध्या सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं कामाची. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर लॉक केला की सगळं निळं पडतं, एक्स्पोजर थोडं खाली ओढायचं, आकाश फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही. हातातल्या बॅटरीचा पिवळा ठिपका तेवढा वेगळा उठून दिसतो आणि बघणारा म्हणतो, रात्र आहे.

एवढ्याशा वेळात किती शॉट होणार? म्हणून चार वाजल्यापासून रंगीत तालीम. कुठे पाय ठेवायचा तिथे चुन्याची खूण, कॅमेरा कुठे तिथे दगड. उजेड बरोबर झाला की कुणी बोलायचं नाही, एकामागून एक शॉट. लग्नात रिटेक नसतो, त्याचा फायदा असा कधीतरी होतो.

पाऊस मात्र हसला आमच्यावर. धो धो कोसळतोय, छत्री धरून हात भरून आले, आणि क्लिपमध्ये पाऊसच नाही! ओली वाट दिसते, ओला मुलगा दिसतो, थेंब दिसत नाहीत. पावसाला मागून उजेड लागतो आणि त्याच्यामागे काळोख. माझा लग्नातला एलईडी पॅनल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गडग्यामागे धरला. लगेच चांदीच्या रेघा उतरल्या. पॅनल धरून बसलेल्याला जळवा लागल्या, पण तो शॉट संपेपर्यंत हलला नाही. मुख्य भूमिका करणाऱ्यापेक्षा मला त्याचंच कौतुक वाटलं.

मंगळवार

एका आईचा फोन. "अवसेला पोरीला पाणंदीत नेऊ नका हां दादा, बाकी काय ते करा." दिव्यांची अवस परवावर आलीय हे माझ्या लक्षात होतं, पण मुलांनी मुद्दाम तोच दिवस धरलेला. अमावास्येला शूट केलं असं पोस्टरवर टाकायचं होतं त्यांना! शूटिंग पुढे ढकललं. आईशी वाद घालून उद्या कॅमेऱ्यावर कोण उभं राहणार?

गुरुवार, अवस

बाहेर जायचं नाही तर आवाज करू. घरातल्या घरात.

चिखलातल्या पावलांसाठी परातीत ओलं फडकं आणि त्यावर मुठी दाबायच्या. फांदी मोडायला गाजर. गडग्याचा चिरा सरकल्याचा आवाज पाटा-वरवंट्याने झाला, त्या घरच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या आणि पाट्याला टाकी लावायला झालीय हे त्यांनी आम्हालाच सांगितलं. मग पंखा बंद, फ्रिज बंद, सगळे गप्प, आणि रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर भरून घेतला. मुलांना हे सगळ्यात विचित्र वाटलं. काहीच नसलेलं कशाला रेकॉर्ड करायचं? म्हटलं एडिटला बसाल तेव्हा बघा. दोन आवाजांच्या मधे कोरी जागा सोडली तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर बंद पडला.

सगळ्यात कामाची निघाली टिटवी. कुणीतरी शेतावर पहाटे फोनवर रेकॉर्ड केलेली. आमच्याकडे रात्री टिटवी ओरडली तर म्हातारी माणसं आधीच कपाळाला आठ्या घालतात. तीच क्लिप निम्म्या वेगाने वाजवली. स्वर एका सप्तकाने खाली आला आणि टिटवी नाहीशी झाली. आता तो कुणाचा आवाज आहे ते सांगता येत नाही. माणूस लांबून काहीतरी विचारतोय असं वाटतं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मग काकूंनी पंखा लावला.

श्रावण, शनिवार

एडिट.

पहिली अडचण नेहमीची. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, चित्र फोनवर. आजी चकव्याची गोष्ट सांगते तो लांब शॉट सुरुवातीच्या टाळीला चोख जुळतो, आणि हळूहळू ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. फोन दर सेकंदाला सारख्याच फ्रेम घेत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. सगळ्या क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढून सेकंदाला २५ फ्रेमवर बांधून घेतल्या, मग गाडी रुळावर.

दुसरी अडचण जास्त चिवट. मुलांना सगळं स्लो मोशनमध्ये हवं. चालणं स्लो, वळणं स्लो, छत्री उघडणं स्लो. यात आमच्याच जमातीचा दोष, लग्नाच्या व्हिडिओत नवरी जिन्यावरून उतरायला आम्ही अख्खं कडवं लावतो. शब्दाने समजावण्यापेक्षा रशियातल्या कुलेशॉव्ह या सिनेदिग्दर्शकाचा १९२० च्या आसपासचा प्रयोग करून दाखवला. नायकाचा एकच कोरा चेहरा घेतला. त्याच्याआधी भाकरीचं ताट लावलं. वर्ग म्हणाला, भूक लागलीय. तोच चेहरा, आधी रिकामी पाणंद. वर्ग म्हणाला, घाबरलाय. ज्याचा चेहरा होता तो म्हणाला, "मी तर तेव्हा शिंक आवरत होतो."

भीती वेगातून नाही, शॉट जोडण्यातून येते हे पटलं, आणि स्लो मोशन आपोआप कमी झालं.

एडिटला बसलेला पोरगा फारसं बोलत नाही. त्याने संध्याकाळी एक गोष्ट दाखवली. चकवा लागल्यानंतरचे काही शॉट त्याने आडवे फ्लिप केलेत. तीच पाणंद, तेच वळण, पण डावं उजवीकडे. चाळीस पावलांची वाट एकदम अनोळखी झाली. काहीतरी चुकतंय हे कळतं, काय ते कळत नाही. मी टाइमलाइनवर मागेपुढे करून बघितलं तेव्हा दिसलं, नायकाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे गेलाय. फ्लिप केल्यावर तो जाणारच. त्याला विचारलं. तो म्हणाला, माहितीय. काढायचा का? मी म्हटलं, राहू दे, चालत्या माणसाच्या खिशाकडे कोण बघतंय.

रविवार

कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली. खिडक्यांना जुने बॅनर उलटे लावून अंधार केला, प्रोजेक्टर माझा, स्पीकर एका मंडळाचे. मुलं, आईवडील, आजी-आजोबा, शिपाईकाका. सहा मिनिटांची फिल्म.

मी पडद्याकडे पाठ करून बसलो. एडिट शिकायचं तर बघणाऱ्यांकडे बघावं, हे मुलांनाही सांगून ठेवलं होतं. आजी गोष्ट सांगते तिथे सगळे निवांत. टिटवीला पहिल्या दोन रांगा मागे सरकल्या. फ्लिप सुरू झाल्यावर खोकणं थांबलं. आणि शेवटी, जिथे नायक पुन्हा त्याच फणसापाशी येतो आणि पडद्यावर सगळ्यात जास्त भीती वाटायला हवी, तिथे हशा पिकला. छान मोठा, घरगुती हशा.

मुलांची तोंडं पडली. चहाच्या वेळी कॅमेरावाली तावातावाने सांगत होती की लोकांना कळतच नाही. मी त्यांना लॅपटॉपवर ती जागा काढायला लावली. नायक फणसाकडे बघतो, थांबतो, मग चेहऱ्यावर भीती आणतो. त्या थांबण्यात आपल्याला त्याचा अभिनय सुरू होताना दिसतो. एवढाच काय तो विनोद.

तेवढ्यात एका मुलाचे वडील आले. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांनी फिल्मबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. फक्त म्हणाले, "त्या पोराचा खिसा मधेच उजवीकडे जातो. बटणंपण बायकांच्या बाजूला." एडिटवाला हळूच हसला. "आणि शेवटी घरी पोचतो तेव्हा पण उजवीकडेच आहे," ते म्हणाले, "म्हणजे तो अजून पोचलाच नाही ना?"

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. शेवटचा शॉट पोराने घाईत फ्लिप केलेलाच राहू दिला होता, आणि मीही तपासला नव्हता. आता त्यावर वाद चालू आहे. अर्ध्यांना तो सरळ करायचाय, अर्ध्यांना खिशाचा एक जवळून शॉट वाढवायचाय म्हणजे सगळ्यांना कळेल. मी जवळच्या शॉटच्या विरोधात. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

फणसापाशी मात्र एकमत झालं. थांबल्यापासून भीती येईपर्यंत मोजून बारा फ्रेम आहेत, अर्धा सेकंद. उद्या त्या उडवायच्या, टिटवी थोडी अलीकडे ओढायची, आणि पुन्हा रेंडर.